मिंट चॉकलेट खरंच 'हलकं' असतं का? रॅपरमागचे आकडे सोप्या भाषेत

माझी ताई गेले काही महिने साखर कमी करतेय आणि अगदी मनापासून करतेय, कॉफीत साखर बंद, केक बंद, कोल्ड्रिंक बंद. पण तिच्या पर्समध्ये मिंट चॉकलेटची एक डबी कायम असते, जेवण झालं की त्यातलं एक-दोन तोंडात टाकते. मी एकदा विचारलं, ताई हे कसं काय चालतं गं, तर म्हणाली, "अगं मिंट आहे ते, हलकं असतं."

हे "हलकं असतं" मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की शेवटी बसले आणि नीट अभ्यासच केला. दोन-तीन प्रकारची मिंट चॉकलेटं आणली, किचनमधला छोटा डिजिटल काटा काढला, रॅपरच्या मागचे तक्ते वाचले. आणि पहिली गोष्ट जी लक्षात आली ती ही की "मिंट चॉकलेट" नावाची एकच वस्तू नसतेच. नाव एक, वास एक, पण आतलं सामान इतकं वेगळं की एकाचे आकडे दुसऱ्याला लावले तर सगळा हिशेब चुकतो. इंटरनेटवर "मिंट चॉकलेटमध्ये किती कॅलरी" असं शोधलं की वेगवेगळी उत्तरं येतात ती यामुळेच, कोणी खोटं बोलत नसतं, प्रत्येक जण वेगळ्या वस्तूबद्दल बोलत असतो.

ढोबळ तीन प्रकार आहेत. त्यांना मी इथे माझ्या सोयीची नावं देते, म्हणजे पुढे गोंधळ नको. एक चकती, म्हणजे बाहेर डार्क चॉकलेटचं पातळ कव्हर आणि आत पांढरा मऊ साखरेचा गाभा, तोडली की आतून ओलसर दिसते. दुसरी वडी, म्हणजे पातळ चौकोनी तुकडा, वर-खाली चॉकलेटी थर आणि मधे हिरवा थर, तोंडात टाकली की लोण्यासारखी विरघळते. तिसरी गोळी, म्हणजे कडक चघळायची मिंटची गोळी जिच्या पोटात थोडंसं चॉकलेट भरलेलं असतं.

आता या तिघांचे १०० ग्रॅमचे आकडे शेजारी ठेवून बघा. चकतीत साधारण ३८० कॅलरी, फॅट ७ ग्रॅमच्या आसपास, साखर ६४ ग्रॅमच्या आसपास. वडीत ५२० ते ५४० कॅलरी, फॅट ३४ ग्रॅमच्या आसपास आणि साखर ५५ ग्रॅम. गोळीत ४०० च्या आसपास कॅलरी आणि त्यातलं जवळजवळ सगळं साखर आणि ग्लुकोज सिरप, फॅट अगदी थोडं. ब्रँडप्रमाणे हे आकडे थोडे वर-खाली होतात पण चित्र हेच राहतं. प्रोटीन तिन्हींमध्ये नावापुरतं, फायबर पण तसंच.

हा फरक येतो कुठून, तर एका साध्या गणितातून. १ ग्रॅम साखर म्हणजे ४ कॅलरी, १ ग्रॅम फॅट म्हणजे ९ कॅलरी, आणि पाणी म्हणजे शून्य. बस्स. कुठल्याही मिठाईच्या कॅलरी या तीन गोष्टींच्या प्रमाणावरच ठरतात, वास कसला आहे यावर नाही.

चकतीचा गाभा कसा बनतो ते बघितलं की हे जास्त चांगलं कळतं. त्याला फाँडंट म्हणतात. साखर, पाणी आणि थोडं ग्लुकोज सिरप उकळत ठेवायचं, साधारण ११५ अंशांपर्यंत, म्हणजे आपण ज्याला गोळीबंद पाक म्हणतो तिथपर्यंत, मग तो पाक न हलवता बऱ्यापैकी गार होऊ द्यायचा आणि मग जोरात घोटायला घ्यायचं. घोटता घोटता तो काचेसारखा पारदर्शक पाक बघता बघता दुधी होतो, मग पांढराशुभ्र आणि घट्ट होतो. त्यात दूध नसतं, लोणी नसतं, काही नसतं, फक्त साखरेचे इतके बारीक कण तयार होतात की प्रकाश त्यांच्यावरून विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं, आणि जिभेला ते कण वेगळे जाणवत नाहीत म्हणून ते क्रीम वाटतं. म्हणजे ज्याला आपण "मिंट क्रीम" म्हणतो त्यात बऱ्याचदा क्रीम नसतंच, ती नुसती घोटलेली साखर असते ज्यात दहाव्या हिश्शाच्या आसपास पाणी शिल्लक असतं. त्या पाण्यामुळे आणि फॅट कमी असल्यामुळे चकतीच्या कॅलरी कमी दिसतात. पण साखर बघायला गेलात तर तिघांमध्ये कमी नाही.

वडीचा हिरवा थर मात्र वेगळाच. तिथे पाणी जवळजवळ नसतं. साखर आणि दुधाची पावडर एखाद्या घट्ट वनस्पती तेलात मिसळून तो थर बनवलेला असतो, बहुतेक वेळा पाम कर्नल म्हणजे पामच्या बीमधलं तेल. म्हणून तो लोण्यासारखा वितळतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर घरी एक प्रयोग करता येतो, मी केला. दोन काचेच्या ग्लासात चांगलं गरम पाणी घेतलं, एकात चकतीचा नुसता गाभा टाकला आणि दुसऱ्यात वडीचा हिरवा थर सुरीने सोडवून टाकला. गाभा चमच्याने दोन-चार वेळा ढवळल्यावर पूर्ण गायब, ग्लासात फक्त गोड पाणी. दुसऱ्या ग्लासात पाणी फिकट हिरवट दुधाळ झालं आणि वर तेलाचे बारीक बारीक गोल थेंब तरंगायला लागले. तो ग्लास तसाच ठेवला, गार झाल्यावर ते थेंब गोठले आणि वर पांढरट पापुद्रा आला, बोटाला लावला तर मेणासारखा. दोघांचा वास मात्र एकसारखा होता, डोळे मिटून हुंगलं असतं तर कुठला कुठला ते सांगता आलं नसतं.

आता मिंटकडे येऊया, कारण "हलकं" हा शब्द तिच्यामुळेच चिकटलाय. या चॉकलेटांमध्ये बहुतेक वेळा पेपरमिंटचं तेल असतं. पेपरमिंट ही पुदिन्याच्या कुळातली संकरित वनस्पती आहे, वॉटरमिंट आणि स्पिअरमिंट या दोघींपासून झालेली. तिच्या पानांवरून वाफ सोडून तेल काढतात, आणि इथेच एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी की वाफेबरोबर फक्त उडून जाणारी सुगंधी द्रव्यं येतात. पानातलं फायबर, लोह, व्हिटॅमिन हे सगळं मागे पानातच राहतं. त्यामुळे "पुदिन्यात अमुक व्हिटॅमिन असतं" हे खरं असलं तरी ते चॉकलेटमधल्या मिंटला लागू होत नाही. शिवाय तेलाचं प्रमाण पण बघा, १०० ग्रॅम चॉकलेटला अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, एवढंच पुरतं कारण ते फार तीव्र असतं. म्हणजे पोषणाच्या तक्त्यात मिंटचा वाटा जवळजवळ शून्य. तिने कॅलरी वाढत नाहीत हे बरोबर, पण कमी पण होत नाहीत.

मग तोंडात गारवा येतो तो कसला? हा भाग मला फार आवडतो. पेपरमिंटच्या तेलात मेंथॉल असतं, साधारण तीस ते पन्नास टक्के. आपल्या तोंडातल्या मज्जातंतूंवर टीआरपीएम८ नावाचा एक रिसेप्टर असतो, त्याचं काम थंडी ओळखणं, तापमान साधारण २६ अंशांच्या खाली गेलं की तो मेंदूला कळवतो की गार लागतंय. मेंथॉल त्याच रिसेप्टरला जाऊन चिकटतं आणि तो चालू होतो, म्हणजे तोंडाचं तापमान काही कमी झालेलं नसतं पण मेंदूला निरोप तोच जातो. २००२ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी हा रिसेप्टर शोधला, एक डेव्हिड ज्युलियस यांची आणि दुसरी आर्डेम पाटापुटियन यांची, आणि तापमान आणि स्पर्श कसा जाणवतो यावरच्या कामासाठी या दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. तर तो गारवा म्हणजे एक निरोप आहे, वस्तू नाही. आणि गार, ताजं, स्वच्छ वाटलं की आपल्याला आपोआप हलकं वाटतं, टूथपेस्टची सवय असल्यामुळे तर जास्तच.

थोडा खरा गारवा पण असतो बरं का, पण तो चॉकलेटचा. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाच्या जरासं खाली, आणि वितळताना ते जिभेवरची उष्णता शोषून घेतं. चांगलं चॉकलेट तोंडात टाकल्यावर क्षणभर थंड लागतं ते यामुळे. मिंटबरोबर ते इतकं जमून येतं त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

दातांच्या बाबतीत मात्र हा ताजेपणा जरा फसवा आहे. साखर तोंडात आली की दातांवरचे बॅक्टेरिया तिचं ॲसिड करतात, पीएच (तो जितका कमी तितकं ॲसिड जास्त) ५.५ च्या खाली गेला की दातांवरचं इनॅमल विरघळायला सुरुवात होते आणि लाळेला हा पीएच परत जागेवर आणायला साधारण अर्धा तास लागतो. त्यामुळे एकूण किती साखर खाल्ली याच्याइतकंच ती किती वेळ आणि किती वेळा तोंडात होती हे महत्त्वाचं. या हिशेबात कडक गोळी सगळ्यात वाईट कारण ती पाच-दहा मिनिटं गालात राहते. तोंडाला ताजं वाटत असतं आणि दातांवर ॲसिड चालू असतं, दोन्ही एकाच वेळी.

आता रॅपरवरचा एक मुद्दा सांगते जो मला स्वतःला उशिरा कळला. चकतीच्या तक्त्यात कार्बोहायड्रेट साधारण ८० ग्रॅम आणि त्याखाली साखर ६४ ग्रॅम असं दिसतं. मग मधले १६ ग्रॅम कुठे गेले? फायबर तर १-२ ग्रॅमच आहे. तर ते बरेचसे ग्लुकोज सिरपमध्ये आहेत, कुठे कुठे त्याला कॉर्न सिरप लिहितात. स्टार्च तोडून ते बनवतात, त्यात काही सुटं ग्लुकोज असतं आणि बाकी ग्लुकोजच्या छोट्या-मोठ्या साखळ्या. लेबलच्या नियमात "साखर" म्हणून फक्त एक किंवा दोन घटकांचे रेणू मोजतात, तीन किंवा जास्त कड्यांची साखळी असली की ती साखरेच्या ओळीत धरत नाहीत, फक्त कार्बोहायड्रेटमध्ये धरतात. यात कोणी लबाडी करत नाही, नियमच तसा आहे. पण आपलं शरीर त्या साखळ्या आतड्यात झटपट तोडून ग्लुकोजच करतं. त्यामुळे ज्यांना ब्लड शुगर सांभाळायची आहे त्यांनी साखरेची ओळ वाचून थांबू नका, त्याच्या वरची एकूण कार्बोहायड्रेटची ओळ वाचा. माझ्या मते अख्ख्या लेबलवर मधुमेहाच्या माणसासाठी सगळ्यात कामाची ओळ तीच.

घटकांच्या यादीत पण हे दिसतं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. मिंट चॉकलेटमध्ये पहिला शब्द जवळजवळ नेहमीच साखर असतो. मग ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट शुगर अशी नावं पुढे विखुरलेली असतात, ती सगळी एकाच घरातली. कधी इन्व्हर्टेज असं नाव पण दिसतं, ती साखर नाही, ते एक एन्झाईम आहे आणि त्याचं काम मजेशीर आहे. गाभा घट्ट असतानाच त्याच्यावर चॉकलेट चढवतात, कारण पातळ गाभ्यावर कव्हर चढवणार कसं, आणि मग बंद कव्हरच्या आत हे एन्झाईम हळूहळू साध्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करत बसतं. ते मिश्रण पाण्यात जास्त विरघळतं, म्हणून काही दिवसांत आतला गाभा आपोआप मऊ, जवळपास पातळ होतो. १९६२ साली ब्रिटनमध्ये आलेल्या आफ्टर एट या पातळ मिंटची गंमत हीच. कॅलरीत मात्र याने काही फरक पडत नाही, ४ च्या ४.

फॅटची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. खऱ्या चॉकलेटमधलं फॅट म्हणजे कोको बटर. त्यात मुख्य तीन फॅटी ॲसिड असतात, स्टिअरिक, ओलेइक आणि पामिटिक. यातलं स्टिअरिक हे सॅच्युरेटेड असूनही एलडीएल म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल विशेष वाढवत नाही, आणि ओलेइक तर ऑलिव्ह ऑइलमधलंच. म्हणून कोको बटर दिसतं तेवढं वाईट नाही, आता याचा अर्थ ते भरपूर खावं असा नाही, कॅलरी ९ च आहेत. पाम कर्नल तेलाचं वेगळं आहे. त्यातलं साधारण ८० टक्के फॅट सॅच्युरेटेड, आणि त्यातला मोठा वाटा लॉरिक ॲसिडचा, जे एलडीएल वाढवतं. म्हणूनच वडीच्या तक्त्यात एकूण फॅट ३४ ग्रॅम आणि त्यातलं सॅच्युरेटेड २९ ग्रॅमच्या आसपास असं दिसतं, म्हणजे जवळपास सगळंच. ते वापरायचं कारण पण समजण्यासारखं आहे, ते स्वस्त पडतं आणि कोको बटरसारखं टेम्परिंग, म्हणजे ठरावीक तापमानांना गरम-गार करणं, करत बसावं लागत नाही. पूर्वी अशा थरात अर्धवट हायड्रोजनेट केलेली तेलं पण असायची, त्यातून ट्रान्स फॅट यायचं, आता बऱ्याच देशांत त्यावर बंदी आहे तरी यादीत तो शब्द दिसला तर ते पाकीट परत ठेवा, त्यावर मी दुसरं मत ऐकणार नाही.

आणि "चॉकलेट" या शब्दाकडे पण लक्ष द्या. चॉकलेट म्हणायचं तर त्यात किती कोको हवा, दुसरं तेल चालेल की नाही याचे ठिकठिकाणी नियम आहेत. त्यात न बसणाऱ्या वस्तूवर मग "चॉकलेटी", "चॉकलेट फ्लेवर", "कोको कोटिंग", "कंपाउंड" असे शब्द येतात. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात काय आहे यापेक्षा मागे बारीक अक्षरात कोको बटर लिहिलंय की पाम कर्नल लिहिलंय यावरून लगेच कळतं.

"पण डार्क चॉकलेट तर हेल्दी असतं ना" हा पुढचा प्रश्न येतोच. म्हणून मी काट्यावर वजनच केलं. माझ्याकडची छोटी चकती १४ ग्रॅमची होती, सुरीने कव्हर खरवडून काढलं तर ते ४ ग्रॅमच्या आसपास भरलं, बाकी १० ग्रॅम गाभा. आता अगदी उदार होऊन धरू की ते कव्हर सत्तर टक्क्यांच्या वरचं एकदम उत्तम डार्क चॉकलेट आहे, जे सहसा नसतं. अशा चॉकलेटमध्ये १०० ग्रॅमला साधारण १२ मिलिग्रॅम लोह आणि २२८ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, आकडे ऐकायला जबरदस्त आहेत. पण ४ ग्रॅममध्ये लोह आलं अर्धा मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम ९ मिलिग्रॅम, जिथे दिवसाची गरज मोठ्या माणसाला तीनशे-चारशे मिलिग्रॅम आहे. कोकोतलं लोह शरीरात शोषलं पण कमी जातं. कॅफीन ३ मिलिग्रॅमच्या आसपास, एका कॉफीच्या कपात नव्वद-शंभर असतं, त्यामुळे रात्री मिंट चॉकलेट खाल्लं म्हणून झोप उडाली असं सहसा होत नाही.

फ्लॅवनॉलचं पण तसंच. कोकोतली ही द्रव्यं रक्तवाहिन्या लवचिक राहायला मदत करतात असा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये मान्य केला, पण त्यासाठी रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅवनॉल लागतात. बऱ्याच कोको पावडरी अल्कलीची प्रक्रिया केलेल्या असतात, त्याने रंग गडद होतो, कडवटपणा जातो आणि त्याबरोबर फ्लॅवनॉल पण बरेचसे जातात. अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, २१ हजारांहून जास्त वयस्कर लोक, रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅवनॉल, २०२२ मध्ये निकाल आले. हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले, पण हृदयाच्या एकूण त्रासांमध्ये ठाम म्हणता येईल अशी घट दिसली नाही. आणि ते लोक कॅप्सूल घेत होते, चॉकलेट खात नव्हते. तेव्हा साखरेच्या चकतीवरच्या ४ ग्रॅम कव्हरकडून हृदयाला फायदा होईल ही अपेक्षा मी तरी ठेवणार नाही.

"मिंटने पचन होतं" याबद्दल थोडं. पेपरमिंटचं तेल आतड्याचे स्नायू सैल करतं हे खरं आहे आणि आयबीएस म्हणजे पोटात कळा येणाऱ्या त्रासात त्याच्या कॅप्सूल देतात. पण त्या कॅप्सूलवर असं कव्हर असतं की त्या पोटात न उघडता पुढे आतड्यात उघडतात, आणि तेलाचा डोस पण ठरलेला असतो. चॉकलेटमधलं तेल तोंडातच मोकळं होतं. उलट काही जणांना याचा त्रासच होतो, कारण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जी झडप असते ती मिंटने सैल पडू शकते, चॉकलेटने पण पडू शकते, आणि मग ॲसिड वर येतं. ज्यांना जळजळीचा त्रास आहे त्यांना डॉक्टर या दोन्ही गोष्टी जपून खायला सांगतात, आणि इथे दोन्ही एकत्रच आहेत. जेवल्यावर लगेच मिंट चॉकलेट आणि मग लगेच आडवं होणं, असं करत असाल आणि छातीत जळजळत असेल तर आठवडाभर बंद करून बघा.

आता शुगर-फ्री. बहुतेक शुगर-फ्री मिंट चॉकलेटमध्ये साखरेच्या जागी माल्टिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, १ ग्रॅमला साधारण २ ते २.४ कॅलरी. वडीतली सगळी ५५ ग्रॅम साखर काढून माल्टिटॉल घातलं तर १०० ग्रॅममागे नव्वद-शंभर कॅलरी वाचतात, ५३० चे ४३०-४४० होतात, फॅट तेवढंच राहतं. माल्टिटॉलने ब्लड शुगर पण वाढते, साखरेपेक्षा कमी, पण वाढते. आणि ते पूर्ण शोषलं जात नसल्यामुळे जास्त खाल्लं की पोट गुडगुडतं, गॅस होतो, जुलाब होतात, पाकिटावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. दातांना मात्र ही बरी, ते मान्य करायला हवं. घरात कुत्रा असेल तर एक गोष्ट कृपया गांभीर्याने घ्या, चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी असतं आणि काही शुगर-फ्री मिंटमधलं झायलिटॉल तर त्याहून जास्त, अगदी थोड्यानेही त्यांची शुगर धोकादायक खाली जाते. डबी त्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका, आणि खाल्लंच तर वाट न बघता रॅपर घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे जा.

शेवटी सर्व्हिंगचा मुद्दा, कारण गडबड इथेच होते. १०० ग्रॅमला चकती कमी कॅलरीची आणि वडी जास्त कॅलरीची, हे वर बघितलं. पण आपण १०० ग्रॅम खात नाही, आपण नग मोजतो. १४ ग्रॅमची एक छोटी चकती म्हणजे साधारण ५३ कॅलरी आणि ९ ग्रॅम साखर, सव्वादोन चमचे. ५ ग्रॅमची एक वडी म्हणजे २६ कॅलरी आणि पावणेतीन ग्रॅम साखर. म्हणजे नगाला वडीच हलकी! आणि मोठी चकती मिळते, ४० ग्रॅमच्या आसपासची, त्या एकीत २५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत ठेवलीत तर उत्तम, आणि २००० कॅलरीच्या आहारात ते ५ टक्के म्हणजे बरोबर २५ ग्रॅम. एका चकतीत दिवसाचा कोटा संपला. वडीची अडचण वेगळी आहे, एका वडीवर थांबता येत नाही. पातळ असते, पटकन विरघळते, गारव्यामुळे तोंड जड होत नाही, मग हात परत डबीत जातो. तक्त्यावर सर्व्हिंग कधी एका वडीचं लिहिलेलं असतं, कधी आठ वड्यांचं, ते आधी बघा आणि मगच खालचे आकडे वाचा.

ताईची डबी वड्यांचीच निघाली. मी तिला विचारलं दिवसाला किती होतात, ती म्हणाली दोन, मग आठवून म्हणाली दोन्ही जेवणांनंतर दोन-दोन आणि संध्याकाळी ऑफिसात एक. पाच. कागदावर हिशेब मांडला, २५ ग्रॅम वड्या, १३० कॅलरी, साखर १४ ग्रॅम म्हणजे साडेतीन चमचे. कॉफीत बंद केलेली साखर जवळपास इथे परत आली होती आणि ते तिला लगेच कळलं. पण मी तिला त्याखालची ओळ दाखवली, सॅच्युरेटेड फॅट ७ ग्रॅम, २००० कॅलरीच्या आहारात दिवसाला २२ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात त्याचा जवळपास एक तृतीयांश, पाच पातळ वड्यांमध्ये. "पण मी तर साखर मोजत होते," ती म्हणाली, आणि डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचायला लागली.